एकशे आठवर थांबलेला पारा

माझ्या हातानं जेवढं पाणी तापलं, त्यातला थेंबही कोणाच्या आंघोळीला गेला नाही, की चहाला गेला नाही. ते सगळं पाणी उंदरांच्या पोटातल्या कॅन्सरसाठी होतं. तुम्ही हसाल. मेहकरात आमच्या गल्लीतही हसायचे.

हा अंक काढणारे मास्तर घरी आले आणि म्हणाले, "तुळशीरामभाऊ, तुमच्या कामाच्या आठवणी लिहून द्या." मी विचारलं, "कायले? कोणाले पायजेत?" आपणहून कोणी काही मागितलं की मला आधी संशय येतो. माझा स्वभावच तसा आहे. या स्वभावानंच माझी नोकरी वाचवली, म्हणून तो बदलायचा विचार मी कधी केला नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. बोलतो तसंच लिहितो. मास्तरांनी शुद्धलेखन तेवढं पाहावं, बाकी काही बदलू नये. छापून आल्यावर मी ताडून पाहणार आहे.

आधी मी जिनिंगमध्ये इंजिनावर होतो. कापसातली सरकी निघून रुई वेगळी होते, तो कारखाना म्हणजे जिन. एका हंगामात रुईच्या गंजीला आग लागली. मालकाची माणसं म्हणाली, इंजिन तापलं, ठिणगी उडाली, तुळशीरामचं लक्ष नव्हतं. मी म्हणालो, कोणीतरी बिडी टाकली. इंजिन किती तापलं होतं हे सांगणारं तिथं काहीच नव्हतं. एक माझा शब्द, एक त्यांचा. मालकाचा शब्द जड पडला आणि मी घरी आलो. त्यानंतर गावानं माझं नाव 'आगलाव्या' ठेवलं. लग्नाच्या मांडवात मी चुलीजवळ उभा राहिलो की आचारी म्हणायचा, "भाऊ, तुम्ही जरा तिकडं बसा." हसत म्हणायचा, पण म्हणायचा.

अशा माणसाला वानखडे डॉक्टरांनी बोलावलं. हे आपल्याच जिल्ह्यातले. मुंबईला शिकले, तिथंच कॅन्सरच्या कामात काही वर्षं काढली, आणि वडील गेल्यावर मेहकरला येऊन दवाखाना चालवू लागले. मुंबईचं काम मात्र त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. दवाखान्यामागच्या टिनाच्या खोलीत त्यांनी पिंजरे मांडले होते. पिंजऱ्यांत पांढरे उंदीर.

"तुळशीराम, तुला आग सांभाळता येते का?"

"साहेब, थट्टा करून राह्यले का माही?"

"नाही. मला असाच माणूस पाहिजे, ज्याला आगीची भीती बसली आहे."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. थट्टा दिसली नाही. तरी घरी जाऊन बायकोला म्हणालो, "यात काहीतरी हाय. काऊन मलेच बलावलं?" ती म्हणाली, "काम भेटलं ना? मंग करा गुपचूप."

आता काम काय ते सांगतो. काही उंदरांच्या पोटात पाणी साठतं आणि त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी तरंगत असतात. पेशी म्हणजे शरीराचा डोळ्याला न दिसणारा कण. डॉक्टर सुईनं ते पाणी काढून काचेच्या नळ्यांत मिठाच्या पाण्याबरोबर घालायचे. काही नळ्यांत कॅन्सरचं औषध, काहींत नुसतंच. मग त्या नळ्या कोमट पाण्यात उभ्या करायच्या. माझ्याकडे दोन तांब्याची घंगाळं होती. एकात पाणी आपल्या अंगाइतकं, म्हणजे अठ्ठ्याण्णव डिग्री. दुसऱ्यात एकशे आठ. आपल्याकडे जपमाळेत मणी असतात तेवढे, म्हणून मला लक्षात ठेवायला सोपं गेलं.

एकशे आठ म्हणजे काही फार नाही. हात घातला तर बरा वाटतो. पण माणसाला एवढा ताप चढला तर घरात रडारड सुरू होते. डॉक्टरांचं म्हणणं असं, की एवढा ताप पेशी थोडा वेळ सोसते, पण तेवढ्या वेळात औषध तिला जास्त लागतं. हे खरं की खोटं, ते पाहायचं होतं. पाणी एकशे आठच्या वर गेलं तर ती तापानंच मरायला लागते. मग औषधानं मारली की पाण्यानं, हे देवालाही सांगता येणार नाही.

वीज कधी यायची, कधी जायची. म्हणून खाली वातीचा स्टोव्ह. वात किंचित वर, किंचित खाली. लाकडी पळीनं पाणी हलवत राहायचं. वर दोरीला लांब थर्मामीटर लटकवलेला, त्यावरून नजर हलवायची नाही. नळ्या पाण्यात असेपर्यंत मी कोणाशी बोलत नव्हतो. माशी नाकावर बसली तरी बसू द्यायचो.

नळ्या बाहेर निघाल्या की डॉक्टर त्यात निळ्या रंगाचा थेंब टाकून दुर्बिणीतून पाहायचे. जिवंत पेशी रंगाला आत येऊ देत नाही. मेलेलीचं दार उघडं पडतं आणि ती निळी होते. मलाही दाखवलं होतं. पांढरे मोती चमकत होते, मध्येमध्ये निळे.

"निळे म्हणजे मेले?"

"मेले."

"अन् पांढरे मरायले टेकले नसतील कायवरून?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "हा प्रश्न मुंबईतही विचारतात." हे खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून होतं, ते अजून कळलेलं नाही.

औषधाचाही मला संशय होता. लढाईत माणसं मारायला जो गॅस वापरला, त्याच्याच खानदानातलं हे औषध, असं डॉक्टर एकदा बोलता बोलता सांगून गेले. त्या दिवसापासून मी कोपरापर्यंत हात धुवायला लागलो. गावाचा संशय वेगळाच. डॉक्टर उंदराचं रक्त इंजेक्शनातून देतो, अशी बातमी होती. उंद्री गावचे एक म्हातारे खोकल्यासाठी आले आणि सुई पाहून उभेच राहिले. "आधी बाटली दाखवा. उंदीर कोणता होता थे सांगा." डॉक्टरांनी बाटली दाखवली. म्हातारबुवांनी ती नाकाला लावली, उलटी करून पाहिली, तेव्हा कुठं दंड पुढे केला. बाकीचे हसले. मला मात्र माणूस शहाणा वाटला.

मग दुष्काळाचं वर्ष आलं. दवाखान्यामागच्या विहिरीनं तळ दाखवला. डॉक्टरांनी सगळ्यांना सांगितलं, पाणी जपून. माझ्या घंगाळातलं पाणीसुद्धा आम्ही गाळून परत वापरायचो.

त्याच दिवसांत गडबड सुरू झाली. एकशे आठच्या घंगाळातल्या औषधाच्या नळ्यांत आधी साधारण निम्म्या पेशी निळ्या व्हायच्या. आता एखाद्या दिवशी जवळजवळ सगळ्याच निळ्या. दुसऱ्या खेपेला पुन्हा निम्म्या. पहिल्यांदा डॉक्टर खूश झाले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. मला बोलावलं.

"तुळशीराम, पाणी वर गेलं होतं का?"

"नाई."

"थोडंसं? एखादी डिग्री?"

"साहेब, नाई म्हणजे नाई."

"त्याच घंगाळातल्या बिनऔषधाच्या नळ्या ठीक आहेत, हे मी पाहिलं. पण थोडा जास्त ताप नुसता असला तर पेशी सोसते, औषधासोबत सोसत नाही. म्हणून विचारतो."

कंपाउंडर राजाभाऊ तिथंच पुड्या बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "जिनातही थोडंसंच तापलं होतं म्हणतात."

मी हातातली पळी खाली ठेवली. डॉक्टर मला म्हणाले, "राग मानू नको. पण हे असंच चाललं तर मला दुसरा माणूस पाहावा लागेल."

आता तुम्हीच सांगा. जिनातून काढलं तेव्हा आगीचं नाव लागलं. इथून काढलं तर कोमट पाण्याचं लागणार होतं. ज्याला उंदराचं पाणी तापवता येत नाही, त्याला मेहकरात कोणी बैलाच्या शेपटीला हात लावू दिला नसता. बायको म्हणाली, "चुकलं म्हणा अन् मोकळे व्हा. डॉक्टर देवमाणूस हाय."

"जे केलं नाई थे कबूल करू? जिनात माहं कोणी ऐकलं नाई, अन् जन्माचं नाव पडलं."

"मंग काय करता?"

"पायतो. एकेकाले पायतो."

पहिला संशय राजाभाऊवर. त्याचा मेव्हणा रिकामा फिरत होता, हे मला माहीत होतं. वाटलं, हाच जास्त औषध ओतत असेल, म्हणजे मी जाईन आणि मेव्हणा येईल. मी औषधाच्या बाटलीला, औषध होतं त्या जागी, बाहेरून सुताचा धागा बांधला. औषध काढताना डॉक्टर किती काढतात ते पाहायचं आणि धागा तेवढाच खाली सरकवायचा. दुसरा संशय थर्मामीटरवर. दवाखान्यातला दुसरा शेजारी लटकवून पाहिला. दोघं सारखेच बोलले. मग वाटलं, दोघंही एकाच दुकानातले, एकमेकांना सांभाळून घेत असतील. तिसरा संशय खुद्द डॉक्टरांवर. मला काढायचंच ठरलं असेल आणि नुसतं निमित्त पाहिजे असेल.

राजाभाऊला धागा दिसला. "हे काय बे, गंडा बांधला का बाटलीले? दृष्ट लागून राह्यली का?"

"हाव. तुहीच."

तो डॉक्टरांकडे तक्रार घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, राहू द्या धागा. याचाही मला संशय आला. एवढ्या सहज कसे मानले?

मग एका दिवशी काम आटोपल्यावर मी एकशे आठच्या घंगाळातलं पाणी काढत होतो. आत नळ्या उभ्या करायची लाकडी चौकट असते. ती उचलली, तर खालच्या बाजूला जखमा शिवायच्या दोऱ्यानं काहीतरी बांधलेलं. सोडवून पाहिलं, तर ताप पाहायचा छोटा थर्मामीटर. तोंडात धरतात तो. माझ्या पाण्यात, मला न सांगता.

मी तसाच ओल्या हातानं दवाखान्यात गेलो. बाकांवर पेशंट बसलेले होते. राजाभाऊही होता.

"साहेब, हे काय होय?"

"थर्मामीटर."

"थे मलेही दिसते. माह्या पाण्यात कायले बांधला?"

डॉक्टरांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्यावर विश्वास नव्हता म्हणून."

खोटं बोलले असते तर मी तिथूनच घरी गेलो असतो. पण खरं बोलले, म्हणून मी तिथंच थांबलो. त्यांनीच समजावलं. लांब थर्मामीटरचा पारा वर जातो आणि पाणी निवलं की खाली येतो. मी नजर चुकवली असती तर त्यानं चुगली केली नसती. तापाच्या थर्मामीटरचं तसं नसतं. त्याचा पारा एकदा जिथवर चढला तिथंच थांबतो. झटकल्याशिवाय उतरत नाही.

"आण इकडं," डॉक्टर म्हणाले. खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी तो बोटांत हळू फिरवला. बाकावरची एक बाई पदर सावरून पुढे झुकली. राजाभाऊच्या पुड्या थांबल्या.

"एकशे आठ."

"बराबर एकशे आठ?"

"रेषेवर. पुढं एकशे दहापर्यंत जागा आहे, पण केसभरही वर नाही."

"अन् आजच्या नळ्या? आज काय झालं?"

"आज सगळ्या निळ्या."

राजाभाऊ म्हणाला, "थर्मामीटरच खराब असल."

"राजाभाऊ," डॉक्टर म्हणाले, "आता तुम्ही पुड्या बांधा."

डॉक्टर सवयीनं मनगट झटकायला निघाले होते. मी त्यांचा हात धरला. डॉक्टरांचा हात धरायची माझी ती पहिलीच वेळ. "झटकू नका साहेब. तो मले द्या." त्यांनी दिला.

पाण्याचा दोष नाही, हे ठरलं. मग पेशी मारतं कोण? औषधही धाग्याच्या खाली गेलेलं नव्हतं, म्हणजे राजाभाऊ सुटला. निदान त्या बाबतीत सुटला. उरल्या नळ्या. नळ्या धुवायचं काम शेवंताबाईकडे होतं. दवाखान्यात झाडझूडही तीच करायची. मी मागच्या दगडावर तिच्या समोर जाऊन बसलो.

"काऊन तुळशीरामभाऊ, आता माह्यी पाळी का?"

"तू धुय. मी नुसता पायतो."

ती बोळ्याला काहीतरी तपकिरी लावून नळीच्या आतून फिरवत होती.

"हे काय लावून राह्यली वो?"

"चिंच."

"चिंच कायले?"

"साबणानं निळं निघत नाई नं बाप्पा. साहेब मंग वरडतात, नळी मळकी हाय म्हणून. तुमचं घंगाळ चकाकते थे कायनं? चिंचेनंच नं? मंग काच काऊन नाई निघणार?"

घंगाळ चकचकीत पाहिजे, हा माझाच हट्ट होता. मी तो मुद्दा पुढे वाढवला नाही.

"अन् खंगाळते किती?"

"आता बाई! साहेबांनंच सांगतलं नं पाणी जपून. एक चूळ पाणी फिरवलं, का उलटी करून ठेवते."

"सगळ्याच नळ्यांले चिंच?"

"नाई. लई निळ्या असल्या तरच. नाईतर साबण पुरते."

मी डॉक्टरांना हाक मारली. शेवंताबाई उठून उभी राहिली. "मले काढता का आता? पाणी वाचवलं म्हणून काढता?" तिचा आवाज चढला होता आणि डोळे भरले होते. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच. मला वाटलं, आता खापर हिच्यावर फुटणार.

डॉक्टरांनी धुतलेली नळी घेतली, तिच्यात थोडं मिठाचं पाणी घातलं आणि निळ्या कागदाची एक पट्टी बुडवली. आंबट असलं की ती पट्टी लाल होते. ती लाल झाली. डॉक्टर शेवंताबाईच्या दगडावर, ओल्या जागेवर, पँटसकट बसले.

"अरे, गाठ आतून अशीच असते," ते म्हणाले.

मला वाटलं, उन्हानं साहेबांचं डोकं फिरलं. पण त्यांनी नीट सांगितलं. कॅन्सरची गाठ भराभर वाढते आणि तिच्या मधोमध रक्त पुरेसं पोचत नाही. जिथं रक्त कमी, तिथं आंबटपणा साठतो. भोवतालचं चांगलं मांस तेवढं आंबट नसतं. म्हणजे आंबटात आणि कोमट तापात हे औषध जास्त लागत असेल, तर ते गाठीला जास्त लागेल आणि चांगल्या मांसाला कमी. शेवंताबाईच्या चिंचेनं नळीत गाठीचं पोट तयार झालं होतं.

"मंग मले काढत नाई?" ती म्हणाली.

"तुम्हाला काढत नाही. पण उद्यापासून नळ्या भरपूर पाण्यानं खंगाळायच्या. आंबट मी स्वतः मोजून घालीन."

मी म्हणालो, "पाणी कुठून आणायचं?"

"माझ्या घरचा हंडा इकडे येईल," डॉक्टर म्हणाले. आणि खरंच आला. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते मला माहीत नाही, पण हंडा आणणाऱ्या गड्याचं तोंड पाहून अंदाज आला.

पुढे किती दिवस तेच केलं. कमी आंबट, जास्त आंबट, कोमट, साधं. नुसत्या आंबटानं पेशीचं फारसं बिघडत नव्हतं. नुसत्या एकशे आठनंही नाही. औषध, आंबट आणि कोमट, तिन्ही एका नळीत आले की निळंच निळं. मी डॉक्टरांना म्हणालो, "मंग झालं नं साहेब, सापडलं." त्यांनी सदाफुलीपासून काढलेलं दुसरं औषध आणून तसंच केलं, तर उलटं झालं. आंबटात त्याचा जोरच कमी पडला. "म्हणून सगळ्या औषधांना एक नियम लावायचा नाही," ते म्हणाले. हे मला पटलं. माणसांचंही तसंच आहे.

बातमी मात्र गावात वेगळीच फुटली. चिंचेनं कॅन्सर जातो. ती कोणी फोडली हे मी सांगत नाही, पण पुड्या बांधणाराला विचारा. संग्रामपूरकडून एक माणूस पोतंभर चिंच घेऊन आला. त्याच्या बहिणीच्या छातीत गाठ होती.

"किती खाऊ घालू?" त्यानं मला विचारलं.

"चिंचेचं एकही बोटूक नाई. पोटातली चिंच पोटातच राह्यते भाऊ. गाठीत नाई जात."

"मंग तुम्ही नळीत टाकता थे?"

"थे उंदराच्या पेशीवर. बहीण कुठं हाय?"

"घरी. दवाखान्यात न्यायचं नाई म्हणते. चिंचेनं जाते तर कायले कापायचं, म्हणते."

ते ऐकून मी त्याला डॉक्टरांपुढे उभं केलं. डॉक्टरांनी त्याला चिंच परत न्यायला लावली आणि बहिणीला मोठ्या दवाखान्यात न्यायची बस कोणती, तेही सांगितलं. तो गेला, पण जाताना मागे वळून असं पाहिलं, जसं आम्ही खरं औषध लपवून ठेवलंय. तिचं पुढे काय झालं ते कळलं नाही. ते अजून मनात खुपतं.

डॉक्टरांनी हे माणसावर कधी केलं नाही. मी पाळत ठेवून होतो, त्यामुळे खात्रीनं सांगतो. एकदा मीच विचारलं, तर म्हणाले, "उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता लांब आहे, तुळशीराम. त्याला तुझं घंगाळ पुरणार नाही." मुंबईला मोठ्या डॉक्टरांसमोर ते सगळं बोलून आले. परत आल्यावर मला म्हणाले, "तिथं विचारलं, विजेशिवाय पाणी एका रेषेवर राहिलं कशावरून? मी सांगितलं, आमच्याकडे तुळशीराम आहे. आणि त्याचा विश्वास नव्हता म्हणून थर्मामीटरही आहे."

मी म्हणालो, "माहा नाई, तुमचा विश्वास नव्हता."

"हो, तेच."

पुढे डॉक्टरांची तब्येत गेली आणि टिनाची खोली बंद झाली. हल्ली मोठ्या शहरांत काही पेशंटना कोमट करून कॅन्सरचं औषध देतात, असं मास्तर सांगत होते. देत असतील. त्यात आमच्या घंगाळाचा वाटा आहे की नाही, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारायलाही गेलो नाही. एकाच गोष्टीचं वाईट वाटतं. त्या रुईच्या गंजीजवळ, त्या इंजिनाला, कोणी माझ्यावर अविश्वास ठेवून असा एक थर्मामीटर बांधला असता तर बरं झालं असतं. तिथं माझ्यावर कोणी एवढाही संशय घेतला नाही. विचारलंच नाही, सरळ ठरवून टाकलं.

तो थर्मामीटर माझ्याकडे आहे. मेहकरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. घरच्या टिनाखाली तो ठेवला तर नुसत्या हवेनंच पारा वर सरकेल आणि लोक म्हणतील, पाहा, तुळशीरामचं पाणी तापलंच होतं. म्हणून होळी झाली की मी तो फडक्यात गुंडाळून माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवतो. पाऊस स्थिरावला की परत पेटीत.

मागं नातवाला ताप आला. सूनबाई म्हणाली, "मामाजी, घरात थर्मामीटर असून दुकानातून आणाचा का?"

"हाव. दुकानातून आण. पैसे मी देतो."

"झटकला तर काय होते?"

मी खिशातून पैसे काढून तिच्या हातावर ठेवले. दुकानातून नवा आला, पोराचा ताप मोजला, औषध झालं, पोरगा बरा झाला. जुन्याचा पारा अजून एकशे आठवरच आहे. कोणाला खोटं वाटत असेल तर घरी या, उजेडात धरून दाखवीन. हातात मात्र देणार नाही.